गव्हाशिवाय कॉब्लर, आणि सगळ्यांना एकच



‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द उच्चारला की आपल्या महिला मंडळात हमखास दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, “अगं, वजन कमी करायचंय का?” आणि दुसरी, “काय बाई एकेक फॅडं निघतायत, आपल्या आज्या पोळ्याच खाऊन नव्वद वर्षं जगल्या की!” या दोन्ही वाक्यांचा मला आता कंटाळा आलाय. म्हणून आज एक पाककृती सांगता सांगता थोडं भांडणारही आहे.

आमच्या एकत्र घरात धाकट्या जावेची मुलगी बारा वर्षांची आहे. तिला सीलिअॅक आहे. वयाच्या मानानं उंची वाढत नव्हती, पोट सारखं फुगायचं, रक्त कमी. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या तरी हिमोग्लोबिन हलत नव्हतं. शेवटी रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा तपासल्यावर निदान झालं. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या आतले बारीक केसासारखे उंचवटे झिजून सपाट होतात, मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. गहू आणि हा आजार यांचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. त्यावर औषध आजही एकच आहे, ते धान्य आयुष्यभर बंद. कमी नाही, बंद.

इथं आपल्या बायका अडखळतात. “रोज नको, पण सणावाराला एखादी पुरी खाल्ली तर काय होतंय?” एका कार्यात जेवायला बसलो असताना यजमानीणबाईंनी अगदी मायेनं, पोरीच्या ताटात पुरी वाढत हेच म्हटलं. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी पुरी काढून माझ्या ताटात घेतली, पण त्या पुरीखालचा भात आता तिला चालणार नव्हता, तोही काढावा लागला. बाईंना राग आला. त्यांना वाटलं, आम्ही नखरे करतोय.

मला गंमत वाटते ती याची, की ‘थोडंसं’ म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला कळायला हवं? भाजीत बटाट्याची एकच फोड आहे असं कुणी सांगितलं तर आपण ती फोड बाजूला सारून भाजी खातो का? महाराजांच्या आहारात एक केस निघाला तर अंतराय होतो, महाराज त्या क्षणी थांबतात. आपण चौका लावतो तेव्हा धान्य निवडण्यापासून पाणी गाळण्यापर्यंत, ओलेत्यापासून ते भांड्यांपर्यंत किती सांभाळतो! शोधाच्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हे आपल्या सुनांनाही पाठ असतं. कणाएवढ्या गोष्टीला महत्त्व देण्याची सवय आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग तीच सवय एका आजारी पोरीच्या ताटासाठी वापरायची म्हटलं की ते नखरे कसे होतात?

व्रत आणि आजार एक नाहीत, हे मला माहीत आहे. व्रत आपण समजून उमजून घेतो आणि चार लोक आपल्याला हात जोडतात. आजार कुणी मागून घेत नाही, आणि त्याचं पथ्य पाळणाऱ्याच्या वाट्याला हात जोडणं नाही, उसासे येतात. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातांना दोन्हीसाठी लागणारी दक्षता एकच आहे. आपल्याला नवीन काही शिकायचं नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या बायकांशी भांडण. कारण नसताना गहू सोडणाऱ्या मैत्रिणींनो, गव्हानं तुमचं काही वाकडं केलेलं नाही. पोटाची तक्रार असेल आणि शंका असेल तर आधी तपासणी करा, मग सोडा. गहू आधीच बंद केला तर रक्ताच्या तपासणीत आजार असूनही दिसत नाही, असं आम्हाला डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आणि हो, खपली. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे “खपली चालते की तिला, ती हलकी असते” हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे. मधुमेहवाल्यांना ती देता की नाही हा वेगळा विषय, सीलिअॅकला ती चालत नाही. रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत, सातूचं पीठही नाही. बांधानी हिंगात सुद्धा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. कांदा-लसूण नसलेल्या आपल्या घरात हिंगाशिवाय आमटी होत नाही, तेव्हा डबीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय हिंग घेऊ नका.

मग प्रश्न येतो गोडाचा. वाढदिवस आला, मुलींच्या मैत्रिणी आल्या, की पोरीला बिचारीला ‘तिचं वेगळं’ काहीतरी वाटीत. बाकीच्या केक खातात, ही राजगिऱ्याचा लाडू खाते. लाडू वाईट नाही. वाटी वाईट आहे. त्या वाटीनं ती सगळ्यांतून बाजूला पडते. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या घरात एकाला गहू चालत नाही, त्या घरात टेबलावर ठेवायचं गोड सगळ्यांनी खाण्याजोगं एकच असावं. पोळ्या करा की खुशाल, कुणी नाही म्हटलंय? पण गोड एकच.

विकत आणून हे साधत नाही. मोठ्या दुकानांत ग्लुटेन-फ्री केकची पाकिटं मिळतात, आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्यांत एका किलोत वीस मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये. तेवढ्यापुरतं ठीक. पण पाकीट उलटं करून वाचा. गव्हाचा चिकटपणा गेला म्हणून तो भरून काढायला अंडं घातलेलं असतं. अंडं नसेल तर बटाट्याचा स्टार्च, नाहीतर टॅपिओका, म्हणजे कसावाच्या कंदाचा स्टार्च. आपला साबुदाणा ज्याचा होतो तोच कंद. आरारूट सुद्धा कंदच. म्हणजे गहू टळला आणि कंदमूळ आलं. दोन्ही टाळायचं असेल तर घरचा ओटा हीच एक जागा उरते.

माझी नणंद टेक्सासला असते. तिच्याकडून मला कॉब्लर कळला. अमेरिकेतला हा अगदी घरगुती प्रकार, केकसारखा मिरवणारा नाही. तिथं वस्ती करायला गेलेल्या लोकांकडे ना विलायती भट्ट्या होत्या, ना नीट साहित्य. मग खोलगट भांड्यात हाताला येतील ती फळं घालायची, वर पिठाचे ओबडधोबड गोळे टाकायचे, आणि जाड बिडाचं झाकणाचं भांडं निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे रचायचे. आपल्या आज्या परातीत निखारे घालून पातेल्यावर ठेवायच्या आणि खाली-वर आच द्यायच्या, तसंच. दक्षिणेकडच्या राज्यांत पीचचा कॉब्लर विशेष आवडीचा. नणंद म्हणते, तिकडे उन्हाळ्यात सगळ्या शेजारणी तोच करतात आणि प्रत्येकीला वाटतं, आपलाच खरा.

मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळीच होती. पाव करायचा तर ग्लुटेन हवंच, कणीक तिंबून तिंबून त्याची ताण घेणारी जाळी करावी लागते, तेव्हा पाव फुगतो. कॉब्लरच्या वरच्या थराचं उलटं आहे. तो खुसखुशीत हवा म्हणून अमेरिकन बायका एकमेकींना सांगतात, पीठ मळू नका, हात कमी लावा, नाहीतर चिवट होईल. म्हणजे गव्हाचं पीठ वापरूनही त्यातलं ग्लुटेन जागं होऊ नये म्हणून त्या जपतात! अशा पदार्थातून गहू काढला तर काय बिघडलं? ज्वारीचं पीठ चिवट व्हायचं म्हटलं तरी होत नाही. बिनगव्हाचा पाव ही तडजोड असते, कॉब्लर तसा नाही. म्हणून सगळ्यांना एकच गोड द्यायचं तर मी केकच्या मागे न लागता हा करते.

आता कृती. माझं भांडं आठ इंची काचेचं आहे, सहा-सात जणांना पुरतं.

फळं पाऊण किलो, सोलून चिरल्यावर. सफरचंद बारा महिने मिळतं, आंबटसर असेल तर उत्तम. जून-जुलैत आलुबुखार, तो मला सगळ्यात आवडतो, त्याचा रंग काय सुंदर उतरतो! अननसही छान होतो. हापूस मात्र भाजू नका. हापूस आणि पायरी रसासाठी आहेत, आचेनं त्यांचा वास जातो आणि पैसेही. अंजीर आपण उदुंबर फळांत धरतो, म्हणून नाही. स्ट्रॉबेरी काही घरांत चालते, काही घरांत नाही, आमच्याकडे नाही. फळांत चार-पाच चमचे साखर, एका लिंबाचा रस, वेलची, चिमूटभर सुंठ आणि एक मोठा चमचा तांदळाचं पीठ कालवायचं. पीठ सुटलेल्या रसाला दाटपणा देतं. आलुबुखारला साखर वाढवा. व्हॅनिलाचा अर्क घालायचं कृतीत लिहिलेलं असतं, पण तो मद्यार्कात काढलेला असतो, आपल्याला कशाला हवा? वेलची-जायफळ काय कमी आहे का?

वरच्या थराला शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ, साठ ग्रॅम तांदळाचं, तीन मोठे चमचे साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, आणि एक लहान चमचा इसबगोल. हा इसबगोल महत्त्वाचा. बाजारच्या मिश्रणात झँथन गम असतो, तो जिवाणूंकडून आंबवून तयार करतात. इसबगोल म्हणजे बियांचं टरफल, पाणी धरून ठेवतं, पीठ विस्कटू देत नाही. बेकिंग पावडरमध्येही स्टार्च असतो, तो मक्याचा आहे की गव्हाचा हे डबीवर बघून घ्या.

अमेरिकन कृतीत थंड लोणी असतं. लोणी आपल्याला चालत नाही, दोन घटकांच्या आत कढवलं नाही तर ते अभक्ष्यच. मी घट्ट गोठलेलं साजूक तूप वापरते, साठ ग्रॅम, फ्रिजमध्ये तासभर ठेवून कडक केलेलं. लोण्यात पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो, म्हणून तूप जरा कमी आणि दूध जरा जास्त असं ठेवा. तूप पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, जाडसर रव्यासारखं दिसेपर्यंत. मग सव्वाशे मिली ताजं ताक किंवा दूध घालून चमच्यानं नुसतं एकत्र करायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. ज्वारीला पाणी प्यायला वेळ लागतो. तेवढा दिला नाही तर दाताखाली कचकच येते. काही जणी चिकटपणासाठी यात बेसन घालतात. ताकाबरोबर बेसन म्हणजे द्विदल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

इकडे फळं एकशे ऐंशी डिग्रीला दहा मिनिटं नुसतीच तापवून घ्यायची. गार फळांवर पीठ टाकलं तर गोळ्यांची खालची बाजू कच्ची राहते. तापलेल्या फळांवर चमच्या-चमच्यानं गोळे टाकायचे, मध्ये फटी ठेवायच्या, वाफ जायला जागा हवी. मग तीस-पस्तीस मिनिटं. वरून बदामी झालं आणि फटींतून रस घट्ट बुडबुडायला लागला की झालं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर देऊन, वर चाळणीऐवजी घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पन्नास मिनिटं ठेवा, फक्त वरून तितकं तांबूस होत नाही.

चाळणीवरून आठवलं. कणकेची चाळणी या पिठाला लावायची नाही, कितीही धुतली तरी जाळीत पीठ अडकतंच. लाकडी पोळपाट-लाटणंही नाही. माझ्याकडे ज्वारी-तांदळाची चाळणी वेगळी आहे, तिला हिरवा दोरा बांधलाय. शिकायला आलेल्या सुनेलाही विचारावं लागत नाही.

आणि गिरणी! सगळी मेहनत इथं वाया जाते. ज्वारी ग्लुटेन-फ्री असते, पण कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी नसते. आपल्या सासवा गिरणीत विचारायच्याच की, “आधी काय दळलंय?” आणि ज्वारीवर ज्वारी यायची वाट बघत थांबायच्या. त्यांना भाकरीला चव हवी असायची. पण सीलिअॅकला ज्वारीवर ज्वारीही पुरत नाही, दगडाच्या खाचांत सकाळचा गहू बसलेला असतो. आम्ही उलटं केलं. घरघंटी नीट उघडून साफ करून घेतली, आतली जाळी नवी बसवली, आणि तिच्यात गहू दळणं बंद केलं. ज्वारी, तांदूळ, नाचणी, राजगिरा घरात. गहू बाहेरच्या गिरणीत. चौक्यासाठी लागतो तेवढा गहू सासूबाईंच्या जुन्या जात्यावर, माळ्यावरच्या खोलीत. सुरुवातीला घरातल्या पुरुषांनी कुरकुर केली, गव्हाचा डबा घेऊन जायचं काम त्यांच्याकडे आलं ना! आता कुणी बोलत नाही. पीठ ताजं असतं, मर्यादेतलं असतं, आणि पोरीला चालतं. एकाच दळणात तिन्ही गोष्टी साधतात.

एक जुनी मैत्रीण मला म्हणाली, “एवढा खटाटोप करण्यापेक्षा नारळीपाक कर, शेंगदाण्याची चिक्की कर, आपल्याकडे बिनगव्हाची गोडं का कमी आहेत? हा परदेशी प्रकार कशाला?” तिचं म्हणणं खोटं नाही. रोजच्याला आम्ही तेच करतो. पण बारा वर्षांच्या मुलीला ओव्हनमधून निघणारं, वास सुटलेलं, मैत्रिणींसमोर चमच्यानं फोडायचं काहीतरी हवं असतं. तिला वाटतं तसं वाटू द्यावं. तिच्या पथ्यात आपण आणखी आपली शिस्त कशाला कोंबायची?

मंदिरात प्रभावना वाटतानाही हेच माझ्या मनात येतं. आम्ही यंदा आमच्याकडच्या प्रभावनेला बुंदी-बालूशाही न ठेवता अख्खे नारळ ठेवले. दोघीतिघींनी विचारलं, खर्च वाचवलात का? मी कारण सांगितलं. त्यातली एक हळूच मागे राहिली आणि म्हणाली, तिच्या नातवाचंही पोट असंच सारखं फुगतं, कुठली तपासणी करायची? मी तिला डॉक्टरांना विचारायला सांगितलं आणि तोवर गहू बंद करू नका असंही.

अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षणात हिरवं नसतं, तेव्हा हा पदार्थ त्या दिवसांचा नाही. बाकी कुठल्याही रविवारी दुपारी चार वाजता भट्टी लावली तर पाचपर्यंत होतो, अर्धा तास निवू द्यायचा आणि दिवस मावळायच्या आत खाऊन मोकळं व्हायचं. वर गार बासुंदी ओतली तर माझी नणंद नाक मुरडते, तिकडे आइस्क्रीम घालतात म्हणे. आमच्याकडे बासुंदीच. दुसऱ्या दिवसाला ठेवायचा प्रश्न येत नाही, धाकटे भाऊजी भांड्याच्या कडेची खरवड काढायला चमचा घेऊन आधीच उभे असतात, आणि पुतणी त्यांच्याशी त्यावरून भांडत असते.